पत्ता एकच, मग पॉइंटरचा प्रकार बदलल्यावर उत्तर का बदलते?

प्रश्न (रावेर):
घरच्या केळीच्या कटाईचा हिशेब ठेवण्यासाठी मी सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहीत आहे. गाडीत भरलेल्या घडांची संख्या, 456, एका इंट (पूर्णांकाच्या) चलात ठेवली आहे. इंट पॉइंटरने, म्हणजे त्या चलाचा मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या चलाने, वाचल्यावर 456 छापले जाते. तोच पत्ता कास्ट करून (प्रकार बदलून) कॅर, म्हणजे एका बाइटच्या प्रकाराच्या, पॉइंटरमध्ये ठेवला आणि वाचला, तर −56 येते. दोन्ही पॉइंटरमधला पत्ता सारखा आहे आणि बाइटमध्ये आकार सांगणारा साइझऑफ दोन्हींसाठी 8 सांगतो. मग फरक पडतो कुठे, आणि घड उणे कसे झाले?

उत्तर (जळगाव):
भाऊ, पत्ता फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतो. तिथून किती बाइट उचलायचे आणि त्यांचा अर्थ कसा लावायचा, हे कंपायलर पॉइंटरच्या प्रकारावरून ठरवतो. 456 म्हणजे 256 अधिक 200. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी ठेवत असल्याने तुमच्या चलाचे चार बाइट 200, 1, 0, 0 असे ओळीने आहेत. कॅर पॉइंटर त्यांतला पहिलाच वाचतो. अधिक-उणे चिन्ह असलेल्या आठ बिटांत, म्हणजे एका बाइटमध्ये, −128 ते 127 एवढेच मावते, म्हणून 200 चे 200 − 256, म्हणजे −56 झाले. आता कॅर पॉइंटरमध्ये एक मिळवून वाचा, 1 दिसेल. हीच बेरीज इंट पॉइंटरवर केली असती, तर तो चार बाइट पुढे, म्हणजे तुमच्या चलाच्या बाहेर गेला असता.

उत्तर (शिरपूर):
वरील उत्तर अचूक आहे. मात्र साधा कॅर चिन्हासह धरायचा की चिन्हाविना, हे सी भाषेच्या मानकाने कंपायलरवर सोडले आहे. एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये जीसीसी हा कंपायलर तो चिन्हाविना धरतो आणि तिथे तुमचाच प्रोग्रॅम 200 छापेल. म्हणून बाइट पाहायचे असतील तेव्हा अनसाइन्ड (चिन्हाविना) कॅरच लिहावे. कळकळीची आणखी एक सूचना: हाच प्रयोग फ्लोट (दशांश संख्यांच्या) पॉइंटरने करू नका. कॅर प्रकारांना कोणत्याही चलाचे बाइट वाचण्याची मुभा आहे, पण इंटची जागा फ्लोट म्हणून वाचली तर वर्तन अनिश्चित ठरते, आणि कंपायलरचे ऑप्टिमायझेशन (प्रोग्रॅम वेगवान करण्याची सोय) चालू करताच उत्तर बदलू शकते. तसे बाइट हवेच असतील, तर मेमकॉपी या बाइट नकलणाऱ्या फंक्शनने फ्लोट चलात उतरवून घ्यावेत.

प्रश्नकर्ता (रावेर):
अनसाइन्ड कॅरने चारही बाइट छापले. 200, 1, 0, 0 असेच आले आणि 1 गुणिले 256 अधिक 200 हा हिशेब जुळला. दोघांचेही मनापासून आभार.