गुंगी देऊन हलवणं?
अमूर बिबट्याला (रशिया-चीन सीमेकडचा दुर्मीळ बिबट्या) एका प्राणिसंग्रहालयातून दुसऱ्यात नेताना गुंगीचं इंजेक्शन दिलं की त्याचा प्रवास सुखाचा होतो, असं काही जण म्हणतात; ते पटलं नाही. गुंगीत शरीराचं तापमान सांभाळलं जात नाही, उलटी फुप्फुसात जाऊ शकते, आणि वाटेत तपासायला पिंजऱ्यात शिरणार कोण? त्यापेक्षा वाहतुकीचा पिंजरा काही आठवडे आधीच रात्रीच्या कोठडीच्या दाराला जखडून ठेवतात. दोन्ही सरकती दारं उघडी, आणि मांस रोज थोडं आणखी आत. पिंजरा एकदा जरी डगमगला तरी जनावर बिचकतं, मग सगळं पहिल्यापासून. शेवटी दार सोडताना नजर शेपटीवर हवी, ती दारात सापडायला नको!

नव्या जागी मोकळं फिरायचं मैदान लगेच उघडू नये. आधी कोठडी, सोबत त्याच्याच वासाचं जुनं गवत. नीट खायला लागला की पुढचं.