बहिणींकडून हक्कसोड घ्यायचं नाहीये, पण आईला कसं समजवावं?

कोरेगावकर:
नमस्कार. वडील मार्चमध्ये गेले. कोरेगाव तालुक्यात आमची बागायत आहे, ऊस आणि आलं. मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि दोन बहिणी. दहाव्याच्या दिवशीच चुलत्यांनी ठरवून टाकलं, "पोरी काय, सही देतील." धाकट्या भावाने हक्कसोडपत्राचा, म्हणजे बहिणींनी आपला वाटा सोडल्याच्या कागदाचा, मसुदाही करून आणलाय. बहिणींना अजून कुणी विचारलेलंसुद्धा नाही.

मला ते पत्र नकोय. ताईची शाळा दहावीला सुटली, कारण आई आजारी होती आणि घरात दोन हात हवे होते. आमची शिक्षणं मात्र झाली. आल्याच्या काढणीला दिवसभर मातीत बसून कंद साफ करणारी तीच होती. या जमिनीत तुझं काही नाही असं तिला कुठल्या तोंडाने सांगू? भाऊ म्हणतो, लग्नात खर्च केला तोच वाटा. त्याच्याशी भांडता येतं. आईशी येत नाही. ती एकच वाक्य धरून बसली आहे, "हिस्सा घेतला की माहेर तुटतं." आणि हे ती मनापासून म्हणते. कायद्याने नेमकं काय, तेही कुणी सांगा.

निवृत्त तलाठी:
आधी एक गाठ सोडवा. वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारसात पाचही नावं लागली पाहिजेत, त्यासाठी बहिणींची 'संमती' वगैरे लागत नाही. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा, मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडा. नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचा नावबदल, मंजूर करतात. नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, लागली का, हे स्वतः बघा. आमच्या वेळी बहिणींची नावं सर्रास 'इतर हक्कात' टाकली जायची. भाऊ मालक आणि बहीण कोपऱ्यात, कर्जाच्या बोज्यांच्या रांगेत. माझ्या दप्तरात असे कितीतरी सातबारे होते आणि त्या काळी कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

हिंदू वारसा कायदा असा: वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी १९५६ पासूनच बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट नाही. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ साली वडील हयात असण्याचीही गरज नाही. लग्नाचा खर्च वाट्यातून वजा करा, असं कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही.

माहेरवाशीण:
दादा, मी सही दिलेली बहीण आहे. सकाळी गाडी आली, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो काढला, अंगठा घेतला. दुपारी साडी मिळाली. कागद मला वाचायला कुणी दिला नाही. त्यानंतरही दिवाळीला मी जाते, भाऊबीज होते. पण नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा भावाकडे पैसे मागताना मी हात पसरत होते. माझ्याच वडिलांच्या जमिनीच्या जोरावर उभं राहता आलं असतं, हे तेव्हा फार लागलं.

आईला एकच विचारा. तुमच्या घरी त्यांचं नाव सातबाऱ्यावर कधी होतं का? आणि बहिणींना "सही देतेस का" असं विचारू नका. त्याला आमच्याकडून 'हो'च येतं, नाही म्हणायची सवयच नसते. आधी नाव लावा. मग सोडायचं की ठेवायचं ते त्या ठरवतील, आणि तेही लगेच नाही.

निफाडचा शेतकरी:
माझ्या आजीने १९८६ चं चांदवडचं शेतकरी महिला अधिवेशन पाहिलं होतं. पुढे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीचं आवाहन केलं, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. त्याला पुढाऱ्यांनी नव्हे, साध्या शेतकऱ्यांनी गावंच्या गावं साथ दिली. आमच्या आजोबांनीही केली. भावकीत लोक हसले, पण आजीशी बोलण्याची पद्धत बदलली. सोसायटीचा माणूस घरी आला की तिलाही विचारू लागला. हिस्सा दिल्याने माहेर तुटत नाही. लपवाछपवीने तुटतं.

भावाचंही ऐकून घ्या मात्र. जमीन कमी असली की त्याची भीती खरी असते. बहिणींचा वाटा ठेवून कसायला तुम्हीच घ्या, खंड, म्हणजे जमीन कसण्याचं भाडं, ठरवा, कागदावर लिहा.

कोरेगावकर:
सगळ्यांचे आभार. आईला विचारलं. तिचं नाव आजवर कुठल्याच उताऱ्यावर नव्हतं, हे तिला माहीत होतं, पण ते कधी कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. ती गप्प बसली, मग म्हणाली, "माझंपण लागणार का यात?" लागणार म्हटलं. ताईला फोन केला, तर तिने आधी गट नंबर विचारले. अर्ज पाचही नावांनी भरतोय. भाऊ अजून रागात आहे. खंडाचं त्याच्याशी रविवारी बोलतो, ताईलाही बोलावलंय.