वाळूजच्या सायकलीसाठी इकडून काय न्यावं?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात इथून, ब्रिटनहून, संभाजीनगरला जाणं आहे. भाचा छावणीतून वाळूज एमआयडीसीत सायकलनं जातो, एका बाजूनं १२-१३ किलोमीटर. शिफ्ट फिरती, दुसऱ्या शिफ्टला परतायला रात्रीचे ११ वाजतात. रविवारी मित्रांबरोबर दौलताबादचा घाट चढून वेरूळ. सायकल ७ गिअरची हायब्रिड, टायर ७०० × ३५. इकडून हेल्मेट, क्लिपचे पायडल (ज्यात बुटाचा तळ अडकतो ते), त्याचे बूट आणि जमले तर टायर न्यावेत असं मनात आहे. बॅगेत ६ किलोची जागा निघेल. शिवाय गावाकडच्या जुन्या काळ्या सायकलीला २८ इंची टायर हवेत. जाणकारांनी सांगावं.

— पैठणची

* * *

पैठणकर वहिनी,

क्लिपचे पायडल आधी यादीतून काढा. कारखान्याच्या गेटवर सेफ्टी शूज लागतात. क्लिपचे बूट घातले तर सेफ्टी शूज पाठीवर, म्हणजे रोज दोन जोड वागवायचे. आणि शहर सुटेपर्यंत दर चौकात पाय टेकायचा. टाच बाहेर वळवल्याशिवाय क्लिप सुटत नाही. नवखा माणूस हे विसरतो ते नेमकं सायकल थांबल्यावर, आणि सिग्नलवर उभ्याउभ्या आडवा होतो. पावसाळ्यात काळ्या मातीत एकदा पाय ठेवला की क्लिटमध्ये (बुटाच्या तळाच्या अडकवणीत) चिखल गच्च बसतो. मग पाय आत अडकतही नाही आणि अडकलाच तर सुटत नाही.

जुन्या पद्धतीचे पट्ट्यावाले टो-क्लिपही (बुटाचं टोक ज्यात घालतात ते पिंजरे) नकोत. सेफ्टी शूजची पोलादी टोपी त्यात मावत नाही.

चांगला पर्याय म्हणजे रुंद, सपाट, नायलॉनचे पायडल: साधारण १० सेंटिमीटर रुंदीचे, वर छोट्या पिना असलेले. जोडी ३५०-४०० ग्रॅम भरते. पिनांमुळे ओल्या बुटाचा तळ घसरत नाही. मात्र रविवारी भाचा चप्पल घालून निघत असेल तर पिना नकोत, घसरला पाय की नडगी सोलून निघते. चपलेला आपले जुने रबरी ठोकळ्यांचे पायडलच बरे.

बसवताना एवढं पाळा. तुकड्यातुकड्यांच्या क्रँकला (पायडल ज्यात बसतो त्या दांडीला) ९/१६ इंची आटे असतात, ही हायब्रिड त्यातलीच. दोन्ही पायडलच्या दांड्यावर ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेलं असतं. उजव्याचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. उलटे अशासाठी की पायडल फिरताना पायाच्या दाबाची दिशा फिरत राहते, त्यामुळे दांडा हळूहळू क्रँकमध्ये सरकत फिरतो. डावीकडे साधे आटे असते तर चालवता चालवता पायडल हातात आला असता. आट्यांना ग्रीस लावा. बोटांनी आधी उलट दिशेला अर्धा फेरा द्या, ‘टक्’ असं आट्याचं तोंड लागलं की मग सुलट फिरवा. निदान तीन-चार फेरे बोटांनीच गेले पाहिजेत. जड वाटलं की थांबा, पाना लावू नका. अॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये पोलादी दांडा तिरका घुसला की क्रँकच भंगारात. शेवटी १५ चा पाना, जोर ३५ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसला तर २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १८ किलोचा जोर धरा. नायलॉनच्या काही पायडलांना पान्यासाठी खाच नसते, तिथं मागून ६ किंवा ८ ची अॅलन की लागते. ती बॅगेत टाका.

आणि पायडलला पुढे-मागे पिवळे रिफ्लेक्टर बसतील असेच घ्या. इथं ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलीला अंधारात ते कायद्यानंच लागतात. कायदा इथला असला तरी उपयोग वाळूजला जास्त: वरखाली हलणारे दोन पिवळे ठिपके दिसले की मागच्या ड्रायव्हरला लांबून कळतं, ही सायकल आहे.

— जालन्याचा

* * *

हेल्मेटबद्दल मी बोलते.

इकडून नेण्याआधी भाच्याकडून माप मागवा. भुवईच्या वर अडीच सेंटिमीटरवरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून शिंप्याची टेप फिरवायची. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजायची. बहुतेक कंपन्यांचं मध्यम माप ५४ ते ५८ सेंटिमीटरच्या आसपास असतं. पण नुसता घेर पुरत नाही, डोक्याचा आकारही लागतो. गोल डोक्यावर लांबट हेल्मेट कपाळाला टोचतं आणि बाजूंना डुगडुगतं, आणि टोचणारं हेल्मेट आठव्या दिवशी खुंटीवर जातं. त्यामुळे शक्य असेल तर त्याला तिथंच दुकानात डोक्यावर घालून घेऊ द्या. पट्टा न लावता मागची चकती आवळायची आणि मान खाली घालून हलवायची. पडलं नाही पाहिजे. कड भुवईपासून दोन बोटांवर, कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच ढील. आपल्याकडची निम्मी हेल्मेटं टोपीसारखी मागे सरकलेली असतात. पुढे आपटलं की कपाळ उघडंच.

आत सुरक्षेच्या चाचणीचा शिक्का बघा: युरोपचा ईएन १०७८ किंवा अमेरिकन सीपीएससी. पहिल्यात सपाट ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगानं, म्हणजे साधारण दीड मीटरवरून, हेल्मेट आपटतात. दुसऱ्यात २ मीटरवरून. दोन्ही चाचण्यांत हेल्मेट ५० अंशांच्या आसपास तापवूनही आपटतात. म्हणून मे महिन्यातल्या रस्त्यावरच्या उन्हाची काळजी नाही. काळजी आहे ती बंद गाडीच्या काचेमागे किंवा तापलेल्या पत्र्याला टेकवून ठेवण्याची. फोम तिथं फुगतो, बाहेरचं कवच सुटतं.

आत पिवळसर प्लास्टिकचं सैल अस्तर असलेली ‘मिप्स’ची हेल्मेटं येतात. तिरका मार बसला की अस्तर १०-१५ मिलिमीटर सरकतं आणि डोक्याला बसणारा पीळ कमी होतो. मिळालं तर घ्या, पण सैल मिप्सपेक्षा घट्ट साधं हेल्मेट बरं.

उन्हासाठी आत रुमाल बांधायचा तर पातळ सुती, आणि गाठ मागे नको. मागच्या चकतीखाली गाठ आली की हेल्मेट कपाळावरून वर उचललं जातं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कोरं दिसलं तरी बाद. फोम आत दाबला गेला की परत फुलत नाही.

मोटरसायकलचं आहेच की घरात, असं कुणीतरी म्हणेलच. ते किलोभराचं, बंद, आणि चढावर घामानं आंघोळ. सायकलला ते चालत नाही.

— परभणीची ताई

* * *

ताई, हेल्मेटचं खूळ जरा जास्तच चाललंय बघा.

तुम्हीच लिहिलंत, दीड मीटरवरून आपटतात. म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर. स्वतःच्या उंचीवरून पडायच्या हिशोबानं बनलेली वस्तू ती. नगर रोडला मागून कंटेनर आला तर काय करायलंय ते? नेदरलँड्समध्ये अख्खा देश उघड्या डोक्यानं सायकल चालवतो. तिकडं ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियानं १ जुलै १९९० पासून सक्ती केली, तिच्यावर भांडणं अजून मिटली नाहीत. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटरसायकलवाल्याला लागू, सायकलला नाही.

माझं म्हणणं, पहिला पैसा दिव्याला. हिवाळ्यात त्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या चालतात, दोन-दोन जोडलेल्या, मागे लाल दिवा असला तर नशीब. ऊस बाजूला दोन-दोन हात बाहेर आलेला असतो. ट्रॉली शेजारून गेली असं वाटतं, पण मागची दुसरी अजून यायचीच असते. पहिली गेली म्हणून डांबरावर परत यायचं नाही. उजव्या हँडलला आरसा लावा. इथं आणि तिथं दोन्हीकडे डावीकडूनच चालवतात, म्हणून इकडचा आरसा तिकडं बरोबर बसतो.

मागचा दिवा सीटच्या दांड्याला लावा, कॅरियरवर डबा ठेवला तर झाकणार नाही अशा उंचीवर. एक स्थिर, एक लुकलुकणारा. नुसता लुकलुकणारा असला की अंतराचा अंदाज येत नाही. पुढचा दिवा खाली, रस्त्यावर १०-१२ मीटरवर पडेल असा. समोरच्याच्या डोळ्यात मारला तर तो आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येतो. मागच्या मडगार्डच्या खालच्या वीतभर भागाला लाल रिफ्लेक्टर पट्टी डकवा, ती तिकडं ट्रॅक्टरच्या दुकानात मिळते, इकडून न्यायची गरज नाही. चार्जिंगचे दिवे हातातल्या बॅगेत ठेवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या खालच्या सामानात चालत नाहीत.

— बीडवाले काका

* * *

काका, कंटेनरसाठी हेल्मेट नाहीच. ते खडीवर चाक घसरण्यासाठी, रंग नसलेल्या गतिरोधकासाठी आणि रात्री मध्ये आलेल्या कुत्र्यासाठी. भाच्याचा वेग तेवढाच, १८-२०. चाचणी त्याच्याच वेगाची आहे. दिव्याबद्दल मात्र तुमचं सगळं मान्य.

— ताई

* * *

आता टायर. मराठवाड्यातला सायकलवाला डोक्याआधी टायरनं हरतो.

दोन शत्रू. एक सराटा: जमिनीवर पसरणारी वेल, फळाला चहूकडून काटे, कसंही पडलं तरी एक काटा वर. दुसरी बाभळीची फांदी, विशेषतः कुंपणाची वेडी बाभूळ छाटून रस्त्याकडेला टाकलेली असते तेव्हा. सराट्याचा काटा आखूड, तो जाड पट्ट्याच्या टायरात अडतो. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये ट्यूब आणि रबराच्या मध्ये ५ मिलिमीटर जाडीचा रबरी थर आहे, सराट्याला तो पुरतो. बाभळीचा काटा बोटाच्या पेराएवढा. तो थर भेदतो किंवा कडेनं शिरतो, आणि कडेला कसलाच पट्टा नसतो. शिवाय हा टायर एकेक ९०० ग्रॅमच्या घरात, दोन टायरांत तुमच्या सहा किलोंपैकी पावणेदोन गेले आणि रोजचं पायडल जड झालं. माझा कौल: साधे ३५ चे टायर राहू द्या, ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून आपोआप बुजवणारा द्रव) घाला.

सीलंट दोन जातींचं. लेटेक्सचं भोक झकास बुजवतं, पण तिकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळून आत रबराचे गोळे होतात. ग्लायकॉलमध्ये तंतू असलेलं, चिकट हिरव्या जातीचं, जास्त टिकतं. ट्यूबसाठी तेच. ३५ च्या ट्यूबला १०० मिलिलिटर पुरे. व्हॉल्व्हचा गाभा काढता येणारी ट्यूब हवी, नाहीतर बाटलीची नळी आत जाणार कुठून? व्हॉल्व्ह चार-पाच वाजण्याच्या दिशेला ठेवून भरा, अगदी खाली असला तर उलट बाहेर येतं. हवा भरतानाही तसंच, नाहीतर व्हॉल्व्ह चोंदतो.

पंक्चर काढताना नव्वद टक्के लोक एकच चूक करतात. ट्यूब काढली, घमेल्यात बुडवली, बुडबुडा सापडला, घासली, सुलोचन लावलं (सोल्यूशनला सुलोचन म्हणणारा दुकानदार भेटला की समजावं, हात जुना आहे), ठिगळ डकवलं, हवा भरली. दहा मिनिटांत परत बसलं. कारण काट्याचं टोक टायरातच राहिलं. म्हणून ट्यूबवरचं भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून ते किती वितींवर आहे हे मोजा, टायरवर तेवढ्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना, आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथं कापूस अडकेल तिथं काटा. बोट फिरवू नका. टोक आतून दिसत असेल पण निघत नसेल तर बाहेरून टायर दुमडा, भेग उघडते, मग नखकापणीच्या टोकानं ओढा. सुलोचन लावल्यावर पाच मिनिटं वाळू द्या. ओलं असताना ठिगळ लावलं तर दुपारच्या उन्हात ते सरकतं.

याच ठिगळामुळे एक समज पसरलाय की उन्हात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवावी. हिशोब करून बघा. सकाळी २५ अंशांवर ६० पीएसआय दाबानं हवा भरली, दुपारी टायरातली हवा ४५ अंशांवर गेली, तर होतात ६५. एवढ्यानं काही फुटत नाही. फुटतं ते मऊ पडलेलं जुनं ठिगळ किंवा कडेचा चिरा. उलट हवा कमी ठेवली की गतिरोधकावर रिम ट्यूबला चेचते आणि दोन समोरासमोर चिरा पडतात. ७० किलोच्या माणसाला ३५ च्या टायरात मागे ६०, पुढे ५०.

सुलोचनची नळी इकडून नेऊ नका. ज्वलनशील आहे, विमानतळावर काढून घेतील, आणि तिकडं कोपऱ्यावर मिळतं.

घाटाचं राहिलंच. ७०० चं चाक, पुढे ३८ दाते, मागे १४ ते २८. सर्वांत हलका गिअर साडेछत्तीस इंचांचा झाला (चाकाचा व्यास इंचांत गुणिले पुढचे दाते भागिले मागचे; आकडा लहान तेवढं चढायला हलकं). दौलताबादचा घाट त्यात निघतो, पण येताना वेरूळहून खुलताबादकडे चढताना, थकल्यावर, उभं राहावं लागतं. मागे मोठा, ३४ दात्यांपर्यंतचा फ्रीव्हील टाकला तर गिअर ३० इंचांवर येतो. डिरेलर (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तो पेलतो का हे मेकॅनिकनं आधी बघावं आणि चेन नव्यानं मापून घ्यावी. आखूड चेन मोठ्या दात्यावर चढली तर डिरेलर उपटून निघतो. वाळूजच्या रोजच्या रस्त्याला हे काही लागत नाही.

— जालन्याचा

* * *

२८ इंची टायरबद्दल. हा आकडा फसवा आहे हं. युरोपात हल्ली ‘२८’ म्हणून जो टायर देतात तो ६२२ चा (रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, मिलिमीटरमध्ये), म्हणजेच ७०० सी. आपल्या काळ्या सायकलीचा २८ × १½ तो ६३५ चा. व्यासात फरक १३ मिलिमीटरचा, पण छोटा टायर मोठ्या रिमवर कुठलाही पाना लावून चढत नाही. जुन्या टायरच्या कडेला ४०-६३५ असं काही असेल ते वाचून घ्या. डच आजीबाई सायकलींना हेच माप चालायचं, त्यामुळे इकडंही सापडतं. पण त्या सायकलीसाठी औशातून लातूरला गेलं तरी जोडी मिळते. इकडून वजन वाहायचं काही कारण नाही.

— औशाचे काका

* * *

सर्वांना धन्यवाद. भाच्याचा निरोप आला. डोकं साडेसत्तावन्न, हेल्मेट तो तिथंच घालून बघणार. जुन्या टायरवर ४०-६३५ च निघालं. त्याच्या सायकलीचा व्हॉल्व्ह बारीक पितळी आहे आणि पेट्रोल पंपावर हवा भरून देत नाहीत, असं म्हणतो.

— पैठणची

* * *

तो प्रेस्टा जातीचा व्हॉल्व्ह. पंपाची नळी जाड व्हॉल्व्हची असते, म्हणून बसत नाही. पितळी अॅडॅप्टर चार घ्या, शर्टाच्या बटणाएवढे असतात. एक पाकिटात, दोन हत्यारांच्या पिशवीत, एक घरी. वापरताना आधी व्हॉल्व्हच्या टोकाची बारीक नट सैल करायची, बोटानं दाबून एकदा ‘फुस्’ आवाज ऐकायचा, मग अॅडॅप्टर फिरवायचा. नट आवळलेली राहिली तर पंपाचा काटा ८० दाखवतो आणि टायर मऊच. पंपावरच्या पोराला मागे ६०, पुढे ५० सांगायचं, मोटरसायकलच्या सवयीनं तो ३० वर थांबतो.

— जालन्याचा