ॲपनिहाय आवाजाची पट्टी: मुख्य मेन्यूत हवी की सेटिंग्जमध्येच बरी?

घोडबंदरकर
ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये वरच्या मेन्यूत आवाजाची एकच पट्टी मिळते. ॲपनिहाय पट्ट्या आहेत, पण सेटिंग्ज उघडा, साउंडमध्ये जा, तिथून व्हॉल्यूम लेव्हल्स, तेव्हा कुठे दिसतात. तोवर मीटिंगमधलं अर्धं बोलणं गाण्याखाली गेलेलं असतं. लिनक्सच्याच दुसऱ्या डेस्कटॉपवर, केडीई प्लाझ्मात, आवाजाच्या आयकॉनवर क्लिक केलं की ॲप्लिकेशन्सचा टॅब तिथेच. विंडोजमध्ये तर व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ॲपनिहाय पट्ट्यांचा मिक्सर आहे. इथे घोडबंदर रोडला वन-बीएचकेत दोघं घरून काम करतात, हेडफोन दिवसभर कानाला. मुख्य आवाज कमी केला तर गाण्याबरोबर समोरचा माणूसही ऐकू येईनासा होतो. पट्टी मुख्य मेन्यूतच हवी.

ऐरोलीकर
पटलं नाही. मेन्यूत पट्ट्यांची रांग लागली की कुठली कोणाची हेच कळत नाही. क्रोमियम ब्राउझरचे तीन टॅब वाजत असले तर तिन्ही ओळींवर नुसतं 'प्लेबॅक'. आवाज थांबला की थोड्या वेळाने ओळच गायब. त्यापेक्षा हे काम सिस्टीमने करावं. पल्सऑडिओत, म्हणजे लिनक्समधला आवाज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ॲपला आपली भूमिका सांगता येते: फोन, संगीत, व्हिडिओ. कॉल आला की संगीत थांबवणारी किंवा दबवणारी मॉड्यूल्स त्यात आहेतच. विंडोजही कॉल सुरू होताच बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणतं.

घोडबंदरकर
पण भूमिका सांगणार कोण? मीटिंग ब्राउझरमध्ये, गाणंही ब्राउझरमध्येच. आणि आपोआप होणाऱ्या गोष्टींचा त्रास आपण पाहिलाय. पल्सऑडिओच्या फ्लॅट व्हॉल्यूममध्ये एका ॲपचा आवाज मुख्य आवाजाच्या वर नेला की मुख्यही त्याच्याबरोबर चढायचा. एखादं ॲप परस्पर १०० टक्के मागायचं आणि कानात दणका बसायचा. उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीने तो प्रकार बंद ठेवला, योग्यच केलं. नावं कळत नाहीत ही तुमची तक्रार रास्त आहे. मग टॅबचं शीर्षक दाखवा, आवाज थांबला तरी ओळ राहू द्या. पट्टी आत दडवून काय मिळतं?

नेरूळची वाचक
दोघंही दिसणाऱ्यांपुरतं बोलताय. माझ्या काकांना दिसत नाही, ते ओर्का हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतात. व्हिडिओ मोठा आहे म्हणून मुख्य आवाज खाली आणला की ओर्काही पुटपुटायला लागतो, आणि म्यूट केलं तर त्यांच्यासाठी कॉम्प्युटरच बंद. बरं, मिक्सरमध्ये गेलं तर ओळीवर ओर्का लिहिलेलं नसतं, 'स्पीच-डिस्पॅचर' असतं, ओर्काचं बोलणं ज्या सेवेतून येतं तिचं नाव. ते नाव कोण ओळखणार?

ऐरोलीकर
काकांची अडचण खरी आहे, पण ती माझ्याच बाजूने जाते. स्क्रीन रीडरचा आवाज सिस्टीमने वेगळा धरावा, मुख्य पट्टी कितीही खाली गेली तरी तो ठरावीक पातळीखाली जाऊ नये. त्यासाठी सगळ्यांच्या मेन्यूत दहा पट्ट्या कशाला?

नेरूळची वाचक
दहा नकोत, त्या एका पट्टीचं बोला. ती पातळी ठरवायची कुठे? लॉगिन स्क्रीनवर पासवर्ड टाकतानाही ओर्का लागतो, आणि तिथे सेटिंग्ज उघडतच नाहीत, फक्त वरचा मेन्यू उघडतो. ती पट्टी तिथेच हवी, आणि माऊसला हात न लावता कीबोर्डवरून हलायला हवी.