जपानहून जुनी गाडी आणायची, पण पंचवीस वर्षं कुठून मोजायची?

श्रूजबरीहून, रविवार रात्र

नमस्कार मंडळी,

एरवी बॉस्टनकडच्या आपल्या या ईमेल यादीवर गणपतीची वर्गणी आणि हॉलच्या तारखा असतात. तरी विचारतो, कारण यातलं जाणणारं कुणीतरी आपल्यातच असेल.

नाशिकला आमच्याकडे मारुती ओम्नी होती. बाबांचा केटरिंगचा सगळा धंदा तिनं ओढला. इथे मी सुतारकामाचा जोडधंदा सुरू केलाय. फळ्या आणि हत्यारं न्यायला सुझुकी एव्हरी घ्यायचं मनात आहे. ओम्नीच्याच घराण्यातली, ६६० सीसीची. जपानमधल्या एका निर्यातदाराकडे एक पांढरी आहे, जाहिरातीत '२००१ मॉडेल' असं लिहिलंय. जपानी बाजारासाठी बनलेली गाडी अमेरिकेत आणायची तर ती ठरावीक वर्षं जुनी असावी लागते, एवढं ऐकून आहे. निर्यातदार म्हणतो, २०२६ लागलं, पंचवीस पूर्ण झाली, पैसे पाठवा, मार्चच्या बोटीत चढवतो. ऑफिसातला एकजण म्हणतो एकवीस वर्षं झाली की पुरे. कॅनडातला मावसभाऊ म्हणतो पंधरा. तिघंही ठाम आहेत. पैसे जपून साठवलेत, ते अडकू नयेत एवढीच इच्छा. कुणाला अनुभव आहे का?

ॲक्टनहून, सोमवार सकाळ

अरे, आधी एक कर, निर्यातदाराला पैसे पाठवू नकोस.

मी बॉस्टन बंदरात कस्टम ब्रोकरच्या कचेरीत बरीच वर्षं काढली. जुन्या जपानी गाड्यांचे कागद हातून पुष्कळ गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

तू ऐकलेले तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या खात्यांचे आहेत. पंधरा कॅनडाचा. एकवीस अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा (ईपीए), म्हणजे धुराच्या नियमाचा: गाडी एकवीस वर्षांची आणि मूळ इंजिनासकट असेल तर ती त्यातून सुटते. पंचवीस अमेरिकेच्याच रस्ता-सुरक्षा खात्याचा (एनएचटीएसए), म्हणजे सुरक्षेच्या मानकांचा. १९८८ च्या कायद्यानं परदेशी गाड्यांची आयात फार कडक केली, त्यातली ही मोकळी वाट. तुला ईपीए आणि एनएचटीएसए दोघांचंही समाधान करायचंय, म्हणून मोठा आकडा धरायचा. एकवीस ते पंचवीसच्या मधली गाडी धुराच्या दारातून आत येते आणि सुरक्षेच्या दारात अडते.

आता मुख्य मुद्दा. पंचवीस वर्षं मोजतात ती गाडी बनली त्या तारखेपासून. जाहिरातीतलं 'मॉडेल' तिथे चालत नाही. निसान स्कायलाइनची आर ३४ जीटी-आर जानेवारी १९९९ ते ऑगस्ट २००२ या काळात बनली. पहिल्या गाड्या जानेवारी २०२४ पासून यायला लागल्या, शेवटच्यांना ऑगस्ट २०२७ पर्यंत थांबावं लागेल. आणि तारीख बघतात ती गाडी इथे दाखल होते तेव्हाची, तिकडे बोटीत चढते तेव्हाची नाही.

हे सिद्ध कसं करायचं? अमेरिकन गाडीच्या दाराच्या चौकटीवर उत्पादनाचा महिना छापलेला असतो. जपानमधल्या बाजारासाठी बनलेल्या गाडीवर बहुधा तो नसतो. मग एनएचटीएसए पहिल्या विक्रीचं बिल चालवून घेते, किंवा पंचवीस वर्षांपूर्वी नोंदणी झाल्याचा कागद. तेही नसेल तर जुन्या गाड्यांच्या मान्यताप्राप्त इतिहास-संस्थेचं पत्र. व्यवहारात बहुतेक वेळा जपानचं निर्यात-प्रमाणपत्रच कामाला येतं, इंग्रजी भाषांतरासह. त्यावर पहिल्या नोंदणीचं साल जपानी कालगणनेत असतं. आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो, तसे हेसेई या जपानी कालखंडाच्या सालात १९८८ मिळव. हेसेई १३ म्हणजे २००१.

तुझी अडचण पुढेच आहे, आणि हे निर्यातदार आपणहून सांगत नाहीत. एव्हरी ही केई, म्हणजे जपानमधल्या सगळ्यात छोट्या वर्गातली गाडी. केई गाड्यांची नोंद जपानमध्ये वेगळी संस्था ठेवते, आणि ऑक्टोबर २००३ च्या आधी पहिली तपासणी झालेल्या केई गाड्यांच्या कागदावर फक्त साल असतं, महिना नसतो. कागदावर नुसतं 'हेसेई १३' दिसेल. जानेवारी २००१ की डिसेंबर २००१, हे त्यावरून कुणालाच ठरवता येत नाही. खुद्द जपानच्या नगरपालिका जुन्या केई गाड्यांवर वाढीव कर लावताना अशा वेळी डिसेंबर धरतात. तूही तेच धर. कस्टमच्या खिडकीवर शंकेचा फायदा आपल्याला मिळेल या भरवशावर मार्चमध्ये गाडी उतरवणं मला अजिबात पटत नाही.

वय कमी भरलं तर काय होतं तेही ऐक. मग गाडी एनएचटीएसएच्या यादीत मान्य असावी लागते, नोंदणीकृत आयातदारामार्फत ती इथल्या मानकांप्रमाणे बदलून घ्यावी लागते, आणि किमतीच्या दीडपट रकमेचा हमी-बॉन्ड द्यावा लागतो. छोट्या एव्हरीसाठी हा खर्च कुणी करत नाही. उरतं ते गाडी परत पाठवणं किंवा मोडीत काढणं.

निर्यातदाराकडून पूर्ण चासी नंबर माग. त्याच्या सुरुवातीला एव्हरीच्या आवृत्तीचा कोड असतो; तो डीए ५२ आहे की डीए ६२, ते मला कळव.

मिसिसागाहून, सोमवार दुपार

नमस्कार,

बॉस्टन सोडलं तरी यादी सोडलेली नाही, म्हणून मध्ये बोलते. मावसभाऊ चुकीचं सांगत नाहीये. आमच्याकडे पंधराच, आणि तीही बनल्याच्या महिन्यापासूनच मोजतात. त्यामुळे इथल्या रस्त्यांवर उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या मित्सुबिशी डेलिका नि एव्हरी बऱ्याच दिसतात. क्वेबेकमध्ये मात्र उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला पंचवीसच लागतात, म्हणजे एकाच देशात दोन हिशेब.

तुझा मावसभाऊ कदाचित सुचवेल की गाडी आधी इकडे आणू आणि मग तिकडे नेऊ. तसं करू नकोस. कॅनडात कायदेशीर नोंदलेली गाडी सीमेपलीकडे कायमची न्यायची झाली की तिलाही अमेरिकेचे पंचवीसच लागतात. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब नोकरीनिमित्त मिशिगनला गेलं, त्यांना त्यांची व्हॅन इथेच विकावी लागली. पाहुणा म्हणून वर्षभरापर्यंत नेता येते, पण तुझ्यासारख्या तिथल्या रहिवाशाला ती सवलत नाही.

भारतात तर उलटंच. माझ्या भावाला पुण्यात जपानी जुनी गाडी हवी होती. तिथे वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर येऊच देत नाहीत. आपल्याकडे जुनी चालत नाही, इथे नवी चालत नाही. त्याची फार निराशा झाली, कारण त्याला हवी होती ती ९० च्या दशकातली जिम्नी.

श्रूजबरीहून, मंगळवार रात्र

काका, ताई, मनापासून आभार. ओम्नीवर वाढलेल्या माणसाला कागदाचा हा भाग ठाऊकच नव्हता.

चासी नंबर आला. सुरुवात डीए ६२ व्ही. प्रमाणपत्राचा फोटोही आला, त्यावर हेसेई १३, महिन्याची जागा कोरी. निर्यातदार म्हणतो, यानं कधी कुणाला त्रास झालेला नाही. आता काय करू? शिवाय ही गाडी आणली तर आपल्या राज्याचं वाहन नोंदणी खातं, आरएमव्ही, ती नोंदवेल ना?

ॲक्टनहून, बुधवार सकाळ

मग उत्तर मिळालं. डीए ५२ जाऊन डीए ६२ आली ती सप्टेंबर २००१ मध्ये. तुझी गाडी त्याआधीची असूच शकत नाही. मार्चच्या बोटीनं ती आणणं म्हणजे पंचवीस पूर्ण व्हायच्या आधी दारात उभी करणं. हीच हवी असेल तर जानेवारी २०२७ च्या आधी दाखल करू नकोस. घाई असेल तर हेसेई १२ किंवा त्याआधीची बघ. २००० सालच्या गाडीला आज महिना नसला तरी बिघडत नाही, साल पुरतं.

नोंदणीचा प्रश्न तू विचारलास ते फार बरं केलंस. देशात येऊ देणं वॉशिंग्टनच्या हातात आणि नंबर प्लेट राज्याच्या. मॅसॅच्युसेट्सच्या आरएमव्हीनं २०२४ च्या उन्हाळ्यात केई गाड्यांची नोंदणी थांबवली होती. मालकांनी आवाज उठवल्यावर सप्टेंबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली. टेक्ससनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये दार उघडलं. कॅलिफोर्नियाच्या धुराच्या नियमाला तर पंचवीस वर्षांची सूटच नाही. असं राज्यागणिक आणि वर्षागणिक बदलतं, हे मला लोकांवर अन्यायकारक वाटतं. माणूस केंद्राचा नियम पाळून, कर भरून गाडी आणतो आणि मग ती घरासमोर उभी राहते. म्हणून पैसे पाठवण्याआधी आरएमव्हीला त्या नेमक्या गाडीबद्दल लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव. विमा कंपनीलाही आधीच विचार, केई म्हटलं की काही जण नाही म्हणतात.

जकातीचं थोडक्यात. प्रवासी गाडीला अडीच टक्के, मालवाहूला पंचवीस; यातला मालवाहूचा दर १९६४ पासून चालत आलाय. एव्हरी वॅगन प्रवासी धरली जाण्याची शक्यता जास्त, एव्हरी व्हॅन मालवाहूत जाऊ शकते. ब्रोकरकडून वर्गीकरण आधी लेखी घे. एप्रिल २०२५ पासून परदेशी गाड्यांवर जो वाढीव कर लागला, त्यातून पंचवीस वर्षांवरच्या गाड्या वगळल्यात, तेवढं लक्षात ठेव. आणि बोटीत चढवायच्या चोवीस तास आधी आयएसएफ, म्हणजे मालाची आगाऊ माहिती कस्टमला देणारा फॉर्म, भरला गेलाय याची खात्री कर, नाहीतर पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

श्रूजबरीहून, शनिवार

काका, पांढरीला नाही म्हणून कळवलं. आता एक डीए ५२, हेसेई १२ ची, पाहतोय. प्रमाणपत्राचा फोटो मागवलाय आणि आरएमव्हीला ईमेल केलीय. उत्तर आलं की ते जसंच्या तसं इथे टाकतो, आणखी कुणाला लागलं तर हाताशी राहील.

यादीवर कुणाला जपानी वाचता येत असेल तर कृपया कळवा. भाषांतर करून घेण्याआधी तो फोटो एकदा आपल्या माणसाकडून वाचून घ्यायचाय.