कथेचा शेवट जमत नाहीये

प्रश्न: बाप-लेकीच्या अबोल्याची कथा लिहितेय. शेवटी ती घरी येते. समेट दाखवला की खोटा वाटतो, नाही दाखवला तर अधुरं. काय करू?

— पहिलं पान पुन्हा वाचा. जाताना ती काय करते?

— घराची किल्ली खिळ्याला अडकवते.

— मग सापडला की शेवट! किल्ली अजून तिथेच आहे. ती काढून पर्समध्ये टाकते, बाप बघतो. बस्स, तिथेच थांबा.

— आणि घाई नको. ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबरीचं शेवटचं पान ३९ वेळा लिहिल्याचं अमेरिकन लेखक हेमिंग्वेने स्वतः सांगितलंय.

— आत्ताच ‘बाबा, मला माफ करा’ खोडलं. फार जिवावर आलं. पण आता किल्लीचा आवाज ऐकू येतोय.