समुद्र मित्राच्या बाजूला हवा
मन जड झालेल्या मित्राला गाडीतून फिरवून आणायचं तर रायगडच्या किनाऱ्याने दिवेआगरहून श्रीवर्धनकडे जा, असं कुणीतरी सुचवलंय. रस्ता अगदी योग्य निवडलाय, फक्त दिशा उलटी करा. मित्राचं मन हलकं व्हावं म्हणून निघणार असाल तर समुद्र त्याच्या खिडकीत हवा. आपल्याकडे शेजारी बसणारा डावीकडे असतो, आणि पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला जाताना समुद्रही डावीकडेच येतो. म्हणून श्रीवर्धनहून निघून आरावी, कोंडिवली, शेखाडी करत दिवेआगर गाठा. वाटेत थांबायचं तरी डावीकडेच गाडी घ्यायची, समोरच्या वाहनांना आडवं जावं लागत नाही. अंतर वीसेक किलोमीटरच, पण शेखाडीच्या आसपास पाणी रस्त्याला इतकं लागून आहे की काच खाली केली की लाटांचा आवाज आत येतो. तिथे तिसऱ्या गिअरच्या वर जाऊच नका. सूर्यास्ताच्या दीड तास आधी निघा. नंतर तिरपं ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर येतं, तेव्हा गाडी बाजूला लावून खाली बसलेलं बरं. त्याला बोलतं करायची घाई नको. दोघांची नजर समोर असली की माणूस आपसूक बोलतो.

एक मात्र कळकळीने सांगतो, पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी घालू नका. चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करतात, गाडी पोटावर टेकते, आणि तेवढ्यात भरती आली तर सगळाच विचका. रुतलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका. चाकांपुढची वाळू उपसा, टायरमधली हवा निम्म्यावर आणा, खाली झावळ्या घाला आणि हलकेच काढा.